फळी आपण टाकू

मोठ्या काकांच्या पंचाहत्तरीला गौरव-अंक निघणार होता. त्यात लेख लिहून दे म्हणून माझा चुलतभाऊ पेणहून रोह्याला माझ्या घरी आला. येताना पोह्याच्या पापडांचं पुडकं घेऊन आला, तेव्हाच मी ओळखलं की काम मोठं आहे. "तू मास्तरीण. तुझ्याइतकं शुद्ध आपल्यात कोनाला येतंय?" तो म्हणाला. विषयही तोच ठरवून आला होता. काकांचं चारित्र्य, आपल्या घराण्याचे संस्कार आणि त्यातून घडलेलं नेतृत्व. "आणि ते उघाडीचं प्रकरण इसरू नको. सख्ख्या भावाला पन सोडलं नाय, ते. तू घरचीच. तुझ्या हातून आलं तर वजन पडंल."

तो सख्खा भाऊ म्हणजे माझे बाबा. ते आतल्या खोलीत रेडिओ ऐकत बसले होते. चुलतभावाने आल्या आल्या आत जाऊन त्यांच्या पायांना हात लावला होता, "तब्येत बरी हाय ना?" असंही विचारलं होतं. मग बाहेर येऊन, चहाचा कप हातात घेऊन, तो त्यांच्याच मुलीला सांगत होता की तुझ्या बापाला शिक्षा कशी झाली ते जरा छान शब्दांत लिही. घराण्याचे संस्कार म्हणतात ते असे.

मी "बघते" म्हटलं. माझ्या तोंडी ‘बघते’ म्हणजे नाही, हे शाळेतल्या शिपायालासुद्धा माहीत होतं. पण हा काकांचा मुलगा, त्याने ‘हो’ ऐकलं. अंक माझ्या लेखाशिवाय निघाला. तो लेख मी आता लिहिते आहे. छान शब्दांची खात्री देत नाही.

आमचं मूळ गाव वडखळच्या पलीकडे, खाडीच्या कडेला. शेतं खाडीच्या भरतीपेक्षा खालच्या अंगाला, आणि दोन्हींच्या मध्ये मातीचा बांध. त्या बांधात एक दार ठेवलेलं असतं, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला दाराची लाकडी फळी उचलायची, म्हणजे शेतातलं जादा पाणी खाडीत निघून जातं. भरतीच्या आधी फळी टाकायची, म्हणजे खाडी शेतात शिरत नाही. ती शिरली तर उभं भात जातंच, आणि पुढची कित्येक वर्षं त्या मातीत काही धड उगवत नाही. साऱ्या गावाचं जेवण त्या फळीच्या हवाली होतं.

ही फळी उचलण्या-टाकण्याचं काम गावातल्या एका शनवार तेल्याच्या घराकडे होतं. हे लोक ज्यू, पण बोलणं-चालणं, लुगडी, भाकरी सगळं आमच्यासारखंच. फक्त शनिवारी काम करायचे नाहीत, म्हणून शनिवारी फळीला दुसरं कुणीतरी जायचं. बाकी आमच्या सणावारांना गाव जेवून सुस्तावलेलं असायचं, तेव्हा त्यांच्यातले म्हातारबाबा बांधावर असायचे. गावाला त्यात काही विशेष वाटत नसे. मग एका वर्षी ते घर मुलाबाळांसकट इस्रायलला गेलं. गावाने त्यांना वडखळपर्यंत पोचवलं, बायका रडल्या, काकांनी छोटंसं भाषण केलं. त्या सगळ्या गडबडीत आता फळी कोण टाकणार, हे कुणी विचारलं नाही.

काका गावकीचे अध्यक्ष होते. उंच, गोरे, धोतराला कधी डाग नाही. डाग कुठून पडणार? चिखलात उतरायची वेळ आली की ते काठावर छत्री घेऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "आपण आता खाली उतरू या." मग माझे बाबा आणि आणखी चारजण खाली उतरायचे. "आपण ही विहीर उपसून टाकू." बाबा विहिरीत. "आपण पाहुण्यांना जेवायला बोलावलंय." काकी चुलीपुढे. विहिरीला पाणी लागलं की काका सांगायचे, "मी विहीर उपसून घेतली." भात कच्चा राहिला की पाहुण्यांसमोर काकींना म्हणायचे, "तुम्ही लोकांनी जरा लक्ष द्यायला नको?" काम सुरू होताना ‘आपण’, पार पडलं की ‘मी’, बिघडलं की ‘तुम्ही’. हे व्याकरण आमच्या घरातल्या रांगत्या पोरालाही येत होतं. शाळेत सर्वनामं शिकवताना गुरुजींनी मला विचारलं, ‘आपण’ म्हणजे कोण? मी उभी राहून सांगितलं, "आपण म्हंजे बाकीचे." गुरुजी गावातलेच. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं आणि मग हसले.

दोघा भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हाही काका असेच म्हणाले होते, "आपल्यात कसली आलीय वाटणी?" आणि वरच्या अंगाची शेतं त्यांच्याकडे गेली. उघाडीला लागून असलेली खालची बाबांकडे आली. बाबा त्याला वाटणी म्हणायचे आणि आई दुसरं काहीतरी म्हणायची. ते इथे लिहीत नाही.

त्या शेतात भागेना, म्हणून रोह्याला नवे कारखाने निघाले तसे बाबा तिकडच्या एका कंपनीत लागले. शिफ्टची नोकरी. आठवडाभर रोह्यालाच एका खोलीत राहायचे आणि सुट्टीला एसटीने घरी यायचे. शेत आई बघायची.

शनवार तेली गेल्यापासून ज्याला सवड असेल तो फळी टाकून यायचा. मग आली त्यांच्यानंतरची पहिली सर्वपित्री अमावस्या. अमावस्येची भरती मोठी, ती भर दुपारी चढणार, हे गावात सगळ्यांना ठाऊक. आदल्या दिवशी देवळात गावकी बसली होती, तेव्हा कुणीतरी विषय काढला. उद्या घरोघरी पितरांचं जेवण, तर फळीला कोण जाणार? काका म्हणाले, "त्याची चिंता नको. फळी आपण टाकू." माना हलल्या. विषय संपला.

आता गंमत बघा. इतकी वर्षं काकांचं ‘आपण’ ऐकून गाव तयार झालं होतं. ‘आपण’ म्हणजे बाकीचे, हे प्रत्येकाला पक्कं माहीत होतं. त्यामुळे प्रत्येकाने मनाशी धरलं की बाकीच्यांपैकी कुणीतरी जाईल. काका तर काय, ते स्वतःच्या ‘आपण’मध्ये आयुष्यात कधी मोडले नव्हते. बाबा रोह्याला मशीनवर. आणि बायकांना गावकीत बसायची पद्धत नाही, म्हणून आईला यातलं काही माहीतच नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी अख्खं गाव कौलांकडे तोंड करून "काव काव" करत होतं. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, केळीच्या पानांवर सगळं छपरांवर ठेवलेलं. आमच्या आजोबांचा कावळा काही शिवेना. काका हात जोडून अंगणात उभे, "बाबा, मनात काय ठेवू नका. आपण सगळ्यांना सांभाळून घेऊ," असं छपराला सांगत होते. कावळा मान वाकडी करून त्यांच्याकडे बघत होता. मी आईच्या शेजारी उभी होते, मला हसू येत होतं आणि आई मला कोपराने ढोसत होती. तेवढ्यात खालच्या आळीतून एक बाई ओरडत आली, "शेतात पानी आलं गो! खारं पानी!"

सगळे धावले. उघाडीचं दार सताड उघडं आणि त्यातून खाडी येत होती. काही आवाज नाही, घाई नाही. पाहुणी घरात यावी तशी आत येत होती. भात पोटरीला आलेलं. पुरुष गळ्याइतक्या पाण्यात उतरले तेव्हा कुठे फळी बसली. काका काठावरून "आपण जोर लावू या" म्हणत होते. खालच्या अंगाची शेतं तोवर गेली होती. आमचं तर सगळंच गेलं. आई बांधावर बसून राहिली. तिच्या हाताला अजून वड्याचं पीठ होतं.

संध्याकाळी देवळात गावकी बसली. कुणावर तरी खापर फोडल्याशिवाय गाव जेवणार नव्हतं. या खेपेला आई बोलावणं नसताना गेली आणि पायरीवर उभी राहिली. मी तिच्या पदराला धरून.

काकांनी घसा साफ केला. "उघाडीला लागून शेत कोणाचं?" त्यांनी विचारलं. सगळ्यांना माहीत होतं. "माझ्या सख्ख्या भावाचं. ज्याचं शेत उघाडीला, त्याने नजर ठेवायला नको? तर तो घरात नाही. सणाला नाही, पितरांना नाही. कंपनी मोठी झाली त्याला." मग आवाज जड करून म्हणाले, "तो माझा भाऊ आहे म्हणून मी त्याला पाठीशी घालणार नाही."

आई पायरीवरून म्हणाली, "भावोजी, फळी कोन टाकनार व्हता?"

"ठरलं होतं की आपण टाकू."

"आपण म्हंजे कोन?"

देवळात कुणीतरी खोकलं. काही माना खाली गेल्या, आणि एकदोन जणांनी तर हसू दाबलं, ते मी पाहिलं. या एका प्रश्नाला उत्तर मिळालं असतं तर माझ्या बापाची पुढची चाळीस वर्षं वेगळी गेली असती. काकांनी उपरण्याची घडी सारखी केली. मग ते म्हणाले, "बाईमाणसाने गावकीत बोलायची पद्धत नाही. तेही यांच्या खाती धरा."

आमचं घर वर्षभरासाठी वाळीत टाकलं. कुणी बोलायचं नाही, कुणी विस्तव द्यायचा नाही, लग्न-बारशाला बोलवायचं नाही आणि भातकापणीला यायचं नाही. कापायला काही उरलं नव्हतं, पण नियम पूर्ण सांगायची काकांची सवय होती. लोक घरी जाताना म्हणत होते, "मानूस देव हाय. सख्ख्या भावाला पन सोडलं नाय." ज्यांची शेतं बुडाली होती तेही म्हणत होते. मला अजून त्याचा संताप येतो. न्याय झाला की नाही हे कुणी बघितलं नाही. भावाला झाला एवढंच बघितलं.

बाबा सुट्टीला आले तेव्हा त्यांना हे सगळं आईकडून कळलं. ते तसेच, हातातली पिशवीही खाली न ठेवता, मधल्या कुंपणाशी जाऊन उभे राहिले आणि "दादा" अशी हाक मारली. काका ओटीवर पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. बाबा बराच वेळ उभे होते. परत आले तेव्हा आईला म्हणाले, "त्याने एकदा चारचौघांत सांगावं, फळीचं ठरलं तवा मी तिथं नव्हतो म्हनून. बस. मला दुसरं काय नको." आई म्हणाली, "मग बसा वाट बघत." बाबांनी ते शब्दशः घेतलं.

वाळीत असण्याचेही बारकावे असतात. काकी मागच्या दाराने वाटीभर आमटी आणून द्यायच्या, "घे गो, गरम हाय" म्हणायच्या, आणि देताना दुसरीकडे बघायच्या, म्हणजे नियम मोडला नाही. काका स्वतः मात्र कुंपणापलीकडून बाबांना सांगायचे, "रोह्याहून येताना माझा चष्मा दुरुस्त करून आण." आमच्याशी बोलायचं नाही, हा नियम त्यांना लागू नव्हता, कारण ते बोलत नसत, सांगत असत. बाबा चष्मा दुरुस्त करून आणायचे आणि कुंपणावर ठेवून द्यायचे.

वर्ष संपायच्या आत आम्ही बिऱ्हाड हलवलं. रोह्याला कुंडलिका नदीच्या काठाला दोन खोल्या मिळाल्या. मी रोह्यातच शिकले, तिथेच शिक्षिका झाले. काका तिकडे वाढत गेले. सोसायटी झाली, पंचायत झाली. पुढे निवडून येणं जमेना, तेव्हा ते मार्गदर्शक झाले. शाळाशाळांतून ‘नेतृत्व म्हणजे काय’ यावर बोलायचे आणि बोलण्यात उघाडीचं प्रकरण हमखास असायचं. एकदा ते माझ्याच शाळेत प्रमुख पाहुणे म्हणून आले. मी मंचावर, हार-तुऱ्यांचं तबक धरून उभी. "मुलांनो, नेत्याला घर नसतं," ते म्हणाले, आणि मग भाऊ आला, फळी आली, शिक्षा आली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या हातातलं तबक मी कसं धरून ठेवलं ते माझं मला माहीत.

त्या गोष्टीत आणखी एक मजा होती. ती दरवर्षी थोडी पिकायची. सुरुवातीला बाबा फक्त घरी नव्हते. मग ते विसरले. माझ्या शाळेत आली तोवर ते झोपले होते. काका मुद्दाम खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. सांगून सांगून त्यांनाच ते खरं वाटू लागलं होतं, आणि ते जास्त भयंकर. बाबांना मी यातलं काही सांगायची नाही. आम्ही सणाला गावी जायचो, बाबा काकांच्या पाया पडायचे, एकत्र जेवणं व्हायची. बाबा परत निघताना जरा रेंगाळायचे. ते कशासाठी रेंगाळतात हे मला आणि आईला कळायचं.

पंचाहत्तरीचा कार्यक्रम पेणला मोठ्या हॉलमध्ये झाला. मागे फलक, ‘कुटुंबवत्सल, न्यायनिष्ठ नेतृत्व’. काका मधल्या खुर्चीत, पेणच्या कारखान्यात रंगकाम उरकून ठेवलेल्या मूर्तीसारखे. आम्ही दुसऱ्या रांगेत. मी, आई, बाबा आणि माझी कॉलेजात जाणारी मुलगी. भाषणांमागून भाषणं झाली. मग निवेदक पुढे आला. उसना गहिवर त्याच्याकडे भरपूर होता. उघाडीचं प्रकरण त्याने रंगवून सांगितलं. खवळलेली खाडी, तुफान लाटा, छातीभर पाण्यात उतरलेले काका. "आणि ज्याच्यावर जबाबदारी होती तो यांचा सख्खा भाऊ," त्याने आवाज खाली आणला, "दारूच्या नशेत शेतात पडलेला होता. पण साहेबांनी नात्याकडे पाहिलं नाही!"

हॉलभर टाळ्या. माझी मुलगी माझ्याकडे वळली आणि हळूच म्हणाली, "आई, आजोबा प्यायचे?" बाबांना तिचं बोलणं ऐकू गेलं. टाळ्यांसाठी उचललेले त्यांचे हात तसेच मांडीवर आले. मी आयुष्यात त्यांना टाळी अर्धी सोडताना पहिल्यांदा पाहिलं.

काका सत्काराला उत्तर द्यायला उठले. निवेदकाचं बोलणं ते दुरुस्त करतील असं मला एक क्षणभर खरंच वाटलं. माझाही मूर्खपणा. ते म्हणाले, "जे झालं ते झालं. मी माझ्या भावाला केव्हाच माफ केलं आहे. तो आज इथे आलाय. त्याच्या हातून शाल घ्यायची माझी इच्छा आहे." पुन्हा टाळ्या. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी डोळे पुसले.

बाबा उठले. पायऱ्या चढायला त्यांना वेळ लागायचा, चुलतभावाने हाताला धरून वर नेलं. शाल त्यांच्या हातात दिली. निवेदकाने माईक पुढे केला, "दोन शब्द बोला. मन मोकळं करा." अशा वेळी लोक माईकला हात जोडतात आणि नको म्हणतात. बाबांनी माईक हातात घेतला.

"मी त्या दिवशी रोह्याला होतो. शिफ्टला," ते म्हणाले. "फळी टाकायला मला कोनी सांगितलं नव्हतं. आणि मी दारू पीत नाय." मग ते काकांकडे वळले. "दादा, तुला उदंड आयुष्य मिळो." मग त्यांनी काकांच्या खांद्यावर शाल घातली, ती एका बाजूला घसरत होती म्हणून नीट केली, वाकून पाया पडले आणि खाली आले.

पुढच्या रांगेतल्या त्या दोन बायकांनी रुमाल पर्समध्ये ठेवून दिले. काकांच्या चेहऱ्यावर फोटोसाठी आणलेलं हसू होतं तसंच राहिलं. मागच्या लोकांना नीट ऐकू गेलं नसावं, त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. निवेदक भानावर येऊन म्हणाला, "काय हा साधेपणा!" आणि जेवणाची घोषणा केली. आम्ही जेवायला थांबलो नाही.

आम्ही गाडीने घरी निघालो. नागोठण्याच्या पुढे, निडीच्या आसपास बाबांनी विचारलं, "जास्त झालं का गो? त्याचा दिवस होता." मला रडू आलं आणि रागही आला. चाळीस वर्षं ज्याने सोसलं तोच विचारत होता की दुसऱ्याला लागलं तर नाही ना. मी म्हटलं, "कमी झालं, बाबा." आई खिडकीतून बाहेर बघत होती. ती म्हणाली, "झालं ते बेस झालं. आता घरी जाऊन पिठलं टाकते." माझ्या मुलीने आजोबांचा हात घट्ट धरून ठेवला होता.

काकांचा फोन आला नाही. बाबा दोन-तीन दिवस फोनजवळ बसले, मग उठले. त्या वर्षी गणपतीला गावाहून बोलावणं आलं नाही. पोस्टात चुकलं असेल, असं बाबा म्हणाले, जसं काही आम्हाला कधी पोस्टाने बोलावणं येत होतं. दिवाळीत नात्यातलं कुणी फिरकलं नाही. काकी गेल्या, तेही आम्हाला दहावं-तेरावं उलटून गेल्यावर तिसऱ्याकडून कळलं. त्या रात्री आई जेवली नाही. मागच्या दाराने येणारी ती आमटी आम्हाला दोघींना आठवत होती, आणि त्या बाईला शेवटचं बघूही दिलं नाही, याबद्दल मी काकांना माफ केलेलं नाही. मला त्यांच्यासारखी माफ करायची हातोटी नाही.

पुढच्या वर्षी एकदा बाबा रोह्याच्या बाजारात गेले होते. तिथे त्यांना गावचा एक ओळखीचा भेटला. तो म्हणाला, "पुतन्याच्या पोराच्या लग्नात दिसला नाय ते? बरं नव्हतं का?" बाबा घरी आले. भाजीची पिशवी त्यांनी ओट्यावर ठेवली आणि खुर्चीत बसले. मी पाणी दिलं. ते प्यायले आणि हसायला लागले. असे हसले की आई पदराला हात पुसत आतून बाहेर आली.

"आपल्याला परत वाळीत टाकलंय गो," ते म्हणाले.

"मग त्यात हसायला काय झालं?"

"या टायमाला मी कायतरी केलं तरी होतं."